मोबाइलवर भयंकर काही पाहून मूल घाबरले तर : बौद्ध पालकांसाठी मार्गदर्शन

मुळशी तालुक्यातील कासारसाई हे धरणाकाठचे गाव. एकीकडे उसाची शेते आणि संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, दुसरीकडे काही किलोमीटरवर हिंजवडीचे आयटी पार्क. सप्टेंबर २०१८ मध्ये या गावाचे नाव अचानक वृत्तवाहिन्यांवर झळकू लागले. ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांतील दोन लहान मुलींवर अत्याचार झाला होता आणि त्यातील एक मुलगी दगावली होती.

अशी बातमी येते तेव्हा मोठी माणसे संतापतात, चर्चा करतात, मोबाइलवर पुढे पाठवतात. टीव्ही ज्या खोलीत चालू असतो त्याच खोलीत मुलेही बसलेली असतात. बातमीतील मुलगी आपल्याच वयाची आहे, गाव आपलेच आहे, उसाचे शेत आपल्या शाळेच्या वाटेवरचेच आहे, हे त्यांना कळते. आई-वडिलांना कधी कळतही नाही की मुलाने काय पाहिले. चार दिवसांनी मूल शाळेत जायला नको म्हणते किंवा रात्री दचकून उठते, तेव्हा कारण दुसरीकडेच शोधले जाते.

हा लेख अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी काय करावे याबद्दल आहे. सांगायची मुख्य गोष्ट एकच : मुलांपासून सत्य लपवू नका, पण सत्य सांगण्याचे काम एखाद्या व्हिडिओवर सोडू नका. ते काम मुलाजवळ बसलेल्या माणसाचे आहे.

आपल्या घरांत हा प्रश्न अधिक अवघड का आहे

आंबेडकरी कुटुंबांत अन्यायाची माहिती मुलांपर्यंत लवकर पोहोचते आणि ती पोहोचलीही पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर मृतदेहांची छायाचित्रे समाजात हातोहात फिरली. १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला झालेल्या हिंसाचाराचे व्हिडिओ त्याच दिवशी मोबाइलवर आले. त्या दिवशी विजयस्तंभाला अभिवादन करायला अनेक जण मुलाबाळांसह गेले होते. आजही देशात कुठेही अत्याचार झाला की त्याचे चित्रण आपल्या ग्रुपवर येते.

ही चित्रे पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मुख्य प्रवाहातील माध्यमे दुर्लक्ष करतात, म्हणून लोक स्वतःच पुरावा पोहोचवतात. पण ज्या ग्रुपवर हे येते तो मोबाइल संध्याकाळी मुलाच्याच हातात असतो. मोठ्यांच्या मनात त्या चित्राने चीड निर्माण होते. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात वेगळाच प्रश्न उभा राहतो : ‘आपणही जय भीमवालेच आहोत. मग आपल्यालाही असे मारतील का?’

हा प्रश्न मूल सहसा मोठ्याने विचारत नाही. तो ओळखणे हे पालकांचे पहिले काम.

कोणत्या वयात मूल कशाला घाबरते

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधक जोआन कॅन्टर यांनी मुलांच्या माध्यमांमधील भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा एक निष्कर्ष फार उपयोगी आहे : लहान मूल दिसण्याला घाबरते, मोठे मूल अर्थाला घाबरते.

‘इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेतील नायक रागावला की हिरवा, अक्राळविक्राळ होतो आणि लोकांना वाचवतो. शाळेत न जाणारी लहान मुले त्याचे रूप पालटते तेव्हाच सर्वांत जास्त घाबरत. मोठ्या मुलांना त्याच क्षणी धीर येई, कारण तो आता मदत करणार हे त्यांना कळत असे. याउलट १९८३ साली अमेरिकी टीव्हीवर अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ हा चित्रपट दाखवला गेला, तेव्हा सर्वांत लहान मुले फारशी अस्वस्थ झाली नाहीत. मोठी मुले आणि खुद्द पालक जास्त हादरले.

यावरून ढोबळ विभागणी अशी करता येते :

- दोन ते सात वर्षे : चेहरे, रक्त, किंचाळणे, अंधार, अचानक होणारा आवाज यांची भीती. खरे आणि खोटे यांतला फरक पक्का नसतो. एकच दृश्य बातमीत दहा वेळा दाखवले तर दहा वेळा घडले असे या वयात वाटू शकते.
- आठ ते बारा वर्षे : ‘हे माझ्या बाबतीत होईल का?’ ही भीती. अपहरण, अपघात, आई-वडिलांचा मृत्यू, गावातला हिंसाचार. बातमीतले गाव, जात किंवा वय आपलेच असेल तर ही भीती कैक पटींनी वाढते.
- तेरा वर्षांपुढे : ‘जग असेच आहे का? न्याय मिळतच नाही का?’ हा प्रश्न. या वयात भीती अनेकदा राग, गप्प बसणे किंवा थट्टा अशा रूपात दिसते. ‘मला काही वाटत नाही’ असे सांगणारा मुलगा तोच व्हिडिओ रात्री पुन्हा पुन्हा पाहत असू शकतो.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेत देशव्यापी पाहणी झाली. पालकांनी दिलेल्या माहितीनुसार ३५ टक्के मुलांमध्ये ताणाचे किमान एक लक्षण होते, आणि ज्या मुलांनी टीव्हीवर त्या बातम्या जास्त वेळ पाहिल्या त्यांच्यात ताण अधिक आढळला. यातील बहुतेक मुले घटनास्थळापासून फार दूर होती. घटना दूरची असली तरी पडदा ती घरात आणतो.

मूल घाबरले आहे हे कसे ओळखावे

- एकटे झोपायला, एकटे संडासला किंवा अंगणात जायला नकार देणे
- झोपेत दचकणे, वाईट स्वप्ने, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा सुरू होणे
- कारण नसताना पोट किंवा डोके दुखणे, विशेषतः शाळेच्या वेळी
- आई-वडील नजरेआड झाले की रडणे, पुन्हा पुन्हा फोन करणे
- खेळात किंवा चित्रांत तीच घटना परत परत येणे
- ‘आपल्या गावात असं होतं का?’ असे आडवळणाने विचारणे

शेवटचे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. मूल थेट विचारत नाही, कडेकडेने विचारते. ‘काहीतरीच बोलू नको’ म्हणून तो प्रश्न उडवून लावला तर ते पुन्हा विचारणार नाही.

पहिला अर्धा तास

सल्ल सुत्तात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. पहिला बाण लागतो तेव्हा शरीराला वेदना होते. त्या वेदनेवर मन जो आक्रोश करते तो दुसरा बाण. मुलाने भयंकर दृश्य पाहिले हा पहिला बाण, तो आपण काढू शकत नाही. ‘कशाला बघितलंस? तुला सांगितलं होतं ना मोबाइल घेऊ नको!’ असे ओरडून आपण दुसरा बाण मारतो. मग मूल भीतीही लपवते आणि मोबाइलही.

म्हणून आधी हे करा :

१. पडदा बंद करा, पण मोबाइल हिसकावू नका. ‘आण इकडे, आपण हे बंद करू’ एवढे पुरे.

२. जवळ घ्या. सात वर्षांखालील मुलाला या वेळी स्पष्टीकरण नको असते. मांडी, पाणी, गोधडी, ओळखीचा आवाज याने ते शांत होते.

३. काय पाहिले ते त्याच्या शब्दांत ऐका. ‘तुला काय दिसलं?’ असे विचारा आणि मध्ये बोलू नका. मुलाने आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी पाहिलेले असते, किंवा फार वेगळे.

४. भीतीला नाव द्या. ‘भीती वाटली ना? असं बघितल्यावर मलाही वाटते.’ ‘त्यात काय घाबरायचं’, ‘तू वाघ आहेस ना’ ही वाक्ये टाळा. त्यांतून मूल एवढेच शिकते की भीती सांगायची नसते.

५. रात्र असेल तर त्या रात्री सोबत झोपा. सवय लागेल ही काळजी नंतर करता येते.

काय बोलावे

मज्झिम निकायातील राहुलोवाद सुत्तात बुद्धांनी बालवयीन राहुलला दिलेली शिकवण खोटे न बोलण्याची आहे, अगदी थट्टेतही नाही. ती मुलांसाठी आहे तशी मुलांशी बोलणाऱ्यांसाठीही आहे. ‘असं काही झालंच नाही’, ‘ते सगळं सिनेमातलं आहे’ असे खोटे सांगून मूल त्या दिवशी शांत होते. दुसऱ्या दिवशी शाळेत खरे कळते आणि आपला शब्द जातो. पुढच्या वेळी ते आपल्याकडे येत नाही.

खरे सांगा, पण वयाच्या मापाने.

लहान मुलाला : ‘हो बाळा, एका माणसाने फार वाईट काम केलं. पोलिसांनी त्याची चौकशी सुरू केली आहे. तू आत्ता घरात आहेस, मी इथे आहे, दार लावलेलं आहे.’ एवढेच. तपशील नको.

दहा वर्षांच्या मुलीला : ‘हे खरं आहे. असं घडतं, पण रोज आणि सगळीकडे घडत नाही. तुला कोणी नको तिथे हात लावला, कुठे चल म्हणाला, काही दाखवलं तर मोठ्याने ओरडायचं, पळायचं आणि मला सांगायचं. माणूस ओळखीचा असला तरी. मी तुला रागावणार नाही.’ या वयात केवळ धीर पुरत नाही. काय करायचे हे कळले की भीती कमी होते.

पंधरा वर्षांच्या मुलाला : ‘तू काय वाचलंस? तुला यात काय चुकीचं वाटतं?’ इथे आपण कमी बोलावे. कायदा काय म्हणतो, खटल्याचे पुढे काय झाले, हे सोबत शोधावे.

‘हे कधीच होणार नाही’ असे वचन कोणालाही देऊ नका. ‘तुला सुरक्षित ठेवायला आम्ही काय काय करतो’ ते सांगा.

अन्यायाचा इतिहास मुलांना कसा सांगावा

काही पालक म्हणतात, मुले घाबरतील म्हणून जातीय अत्याचाराविषयी बोलायचेच नाही का? बोलायचे. फक्त सुरुवात कशाने करायची हे ठरवायचे.

बाबासाहेबांनीच याचा नमुना घालून दिला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी १९०१ सालचा आपल्या लहानपणीचा प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघालेला नऊ वर्षांचा मुलगा मसूर स्टेशनवर उतरतो. न्यायला कोणी आलेले नसते. जात कळताच स्टेशनमास्तर दूर सरकतो. गाडीवाले गाडीत घेत नाहीत, शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, तेही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. जवळ डबा आहे, पण प्यायला पाणी कोणी देत नाही.

या प्रसंगात रक्त नाही, मृतदेह नाही. तरीही ऐकणाऱ्या मुलाला अस्पृश्यता म्हणजे काय ते आतून समजते, कारण तहान प्रत्येक मुलाला माहीत असते. आणि तो मुलगा पुढे कोण झाला हेही त्याला माहीत असते. भीतीची गोष्ट तिथेच संपत नाही, पुढे महाडचे चवदार तळे येते, संविधान येते.

हाच क्रम घरी ठेवता येतो :

- बारा वर्षांपर्यंत शब्दांत सांगा, छायाचित्रे आणि व्हिडिओ दाखवू नका.
- प्रत्येक अन्यायासोबत त्याविरुद्ध उभे राहिलेले लोक सांगा : साक्ष देणारे, वकील, मोर्चात गेलेले, आसरा देणारे शेजारी.
- कायद्याचे नाव सांगा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, २०१२ चा पोक्सो कायदा. ‘हे चूक आहे असं देशाच्या कायद्यात लिहिलं आहे’ या वाक्याने मुलाला मोठा आधार मिळतो.
- एखाद्या संपूर्ण जातीचे किंवा धर्माचे लोक वाईट, असे मुलाच्या मनात बसू देऊ नका. उद्या त्याला वर्गात त्याच मुलांशेजारी बसायचे आहे.
- १ जानेवारीला भीमा कोरेगावला जायला मूल घाबरत असेल तर बळजबरी नको. मानवंदनेचे फोटो दाखवा, कोणासोबत जाणार, कुठे थांबणार, चुकामूक झाली तर काय करायचे ते आधी ठरवा. तरीही नको म्हणाले तर त्या वर्षी घरी अभिवादन करा.

अफवा आणि दद्दभ जातक

प्रत्येक भीतिदायक व्हिडिओ खरा नसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्या काळात मुले पळवण्याचे व्हिडिओ देशभर फिरत होते. त्यांतला एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या जागृतीसाठी बनवलेल्या चित्रफितीतून कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. मुलांच्या काळजीपोटी मोठ्यांनी पसरवलेल्या भीतीने पाच निरपराध गेले.

मुलांना हे समजावायला दद्दभ जातकाइतकी चांगली गोष्ट नाही. झाडाखाली पडलेला एक ससा ‘पृथ्वी फुटली तर माझे काय होईल’ असा विचार करत असतो. तेवढ्यात ताडाच्या पानावर बेलफळ धपकन पडते. ससा ‘पृथ्वी फुटली’ म्हणत पळत सुटतो. त्याच्यामागे दुसरा ससा, मग हरिण, डुक्कर, म्हैस, हत्ती, सगळे जंगल. सिंहाच्या रूपातील बोधिसत्त्व त्यांना अडवून विचारतात, ‘कोणी पाहिले?’ हत्ती दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि शेवटी सशाची पाळी येते. सिंह सशाला पाठीवर घेऊन त्या झाडाखाली जातो. तिथे एक बेलफळ पडलेले असते.

गोष्ट सांगून झाल्यावर मुलाला तीन प्रश्न शिकवा : हे कोणी स्वतः पाहिले? कुठले आणि कधीचे आहे? आपण जाऊन किंवा विचारून खात्री करू शकतो का? कालामांना बुद्धांनी हेच सांगितले होते, ऐकीव आहे किंवा पूर्वापार चालत आले आहे एवढ्यावर काही स्वीकारू नका. आपल्याकडे उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे व्हिडिओ सतत फिरतात. काही खरे असतात, काही दुसऱ्या जिल्ह्यातले, काही आता संगणकावर बनवलेले. व्हिडिओ खोटा निघाला तरी उसात बिबट्या असू शकतो, म्हणून ‘अंधार पडल्यावर एकट्याने जायचं नाही, बॅटरी घ्यायची’ हा नियम ठेवा. खऱ्या धोक्याला नियम हवा आणि अफवेला तपास हवा, हा फरक मुलांना लवकर समजतो.

भूत, भयपट आणि गेम

‘भूत नसतं’ हे सांगणे बरोबरच आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही, कारण त्याने भूत ‘पाहिलेले’ असते. त्याच्यासोबत बॅटरी घेऊन त्या कोपऱ्यात जा. मुखवटा आणि रंग कसा लावतात याचा व्हिडिओ दिवसा सोबत बसून पाहा. मोठ्या मुलाला चित्रपटातले पार्श्वसंगीत बंद करून तेच दृश्य दाखवा. अर्धी भीती आवाजात असते.

आणि आपणही भीतीचा वापर सोडला पाहिजे. ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलीस पकडून नेतील’ असे म्हणून जेवायला घालणारे आपणच असतो. पोलिसांची भीती घातलेले मूल खऱ्या संकटात पोलिसांकडे कसे जाईल?

घरातले नियम

एका खोलीच्या घरात, एकाच मोबाइलवर चालणाऱ्या कुटुंबात ‘मुलाला स्क्रीनपासून दूर ठेवा’ हा सल्ला फारसा कामाचा नाही. पहाटे तोडीला जाणारी आई मुलाजवळ मोबाइल ठेवून जाते, कारण तोच सोबतीला असतो. अशा घरांतही पुढील गोष्टी करता येतात :

- व्हॉट्सॲपमध्ये फोटो आणि व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे बंद करा. ते गॅलरीत दिसू नयेत अशीही सोय सेटिंगमध्ये आहे.
- यूट्यूबचा ऑटोप्ले बंद करा. एक व्हिडिओ संपल्यावर पुढचा आपोआप लागतो, तिथेच मूल नको त्या ठिकाणी पोहोचते. लहानांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळे ॲप आहे.
- ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार वयोगट दाखवणे बंधनकारक आहे : यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. तेरापासून पुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावता येते. २०२४ पासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रांवरही हेच तीन वयोगट असतात.
- जेवताना आणि झोपण्याआधीच्या तासात बातम्यांची वाहिनी नको. मोठ्यांनी बातम्या वाचाव्यात. वाचताना तेच दृश्य पुन्हा पुन्हा समोर येत नाही.
- घरात एक ठराव करा : ‘काही भयंकर दिसलं तर बंद कर आणि सांग. सांगितल्याबद्दल शिक्षा नाही.’ हा ठराव पाळला तरच बाकीचे नियम चालतात.

धम्मातील आधार

भयभेरव सुत्तात बुद्ध स्वतःच्या भीतीविषयी बोलतात. संबोधीपूर्वी ते एकटे अरण्यात राहत. रात्री एखादे जनावर जवळ येई, मोर फांदी पाडी, वाऱ्याने पाने सळसळत, आणि भीती वाटे. चालताना भीती आली तर ती जाईपर्यंत ते चालतच राहत, बसलेले असताना आली तर बसूनच राहत. तथागतांनाही एके काळी भीती वाटत होती, हे मुलाला सांगा. त्याला आपल्या भीतीची लाज वाटणार नाही.

श्वासाचा अभ्यास हा मुलांसाठी सोपा आधार आहे. बुद्धांनी राहुललाही आनापान शिकवले होते. आपल्याकडे शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने शाळांमध्ये ‘मित्र उपक्रम’ सुरू केला, त्यात विद्यार्थी रोज काही मिनिटे आनापान करतात. घरी पाच मिनिटे पुरेत. एक सावधानता मात्र हवी : नुकत्याच घाबरलेल्या मुलाला डोळे मिटायला लावू नका, मिटल्यावर तेच दृश्य समोर येते. डोळे उघडे ठेवून, पोटावर हात ठेवून, आईसोबत दहा श्वास मोजू द्या.

करणीयमेत्त सुत्ताची परंपरेने सांगितली जाणारी कथा भीतीचीच आहे. वर्षावासासाठी वनात गेलेले भिक्खू घाबरून परत आले, तेव्हा बुद्धांनी त्यांना मैत्री भावना शिकवून त्याच वनात परत पाठवले. झोपण्यापूर्वी मुलाला म्हणू द्या : ‘मी सुखी होवो, आई-पप्पा सुखी होवोत, त्या बातमीतल्या मुलीचे घरचे लोक सुखी होवोत.’ ज्यांच्यासाठी आपण काही करू शकत नाही त्यांच्यासाठीही मनात काही करता येते. सुत्तपठणाकडे मंत्र-तंत्र म्हणून पाहू नका, मुलालाही तसे सांगू नका. मन स्थिर करण्याचा तो सराव आहे.

विहार आणि ग्रुप चालवणाऱ्यांची जबाबदारी

हे काम एकट्या आईवर टाकून चालणार नाही. बालसंस्कार शिबिरात एक तास या विषयाला देता येईल : दद्दभ जातक, दहा श्वास आणि ‘दिसलं तर सांग’ हा ठराव. सभागृहात अत्याचाराची चित्रफीत दाखवायची असेल तर आधी जाहीर करा आणि मुलांना दुसरीकडे बसवा.

ग्रुप ॲडमिननी एक नियम करावा : पुरावा जतन करा, प्रसार करू नका. अत्याचाराचा व्हिडिओ हाती आला तर तो पोलीस, वकील किंवा काम करणाऱ्या कार्यकर्त्यांकडे द्या. ग्रुपवर मजकूर लिहा, मागणी लिहा, निषेधाची वेळ लिहा. पीडित बालक असेल तर पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार त्याचे नाव, फोटो, पत्ता, शाळा, कुटुंबाची माहिती माध्यमांतून उघड करता येत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण बाळगणे आणि पुढे पाठवणे हा तर गुन्हाच आहे. कायदा बाजूला ठेवला तरी पीडितेच्या लहान भावाच्या हातातही मोबाइल असतो, हे पाठवण्यापूर्वी आठवावे.

मदत कधी घ्यावी

बहुतेक मुलांची भीती काही दिवसांत ओसरते. झोप, जेवण, शाळा, खेळ यांवर परिणाम महिन्याहून अधिक टिकला, मूल पूर्ण गप्प झाले, स्वतःला इजा करू लागले किंवा मरणाविषयी बोलू लागले तर लगेच मदत घ्या. मूल स्वतःच्याच बाबतीत घडलेले काही सांगत आहे असे वाटले तर एक दिवसही थांबू नका. कधी कधी व्हिडिओची भीती हे फक्त निमित्त असते.

- टेली मानस, १४४१६ : शासनाची मोफत मानसिक आरोग्य सेवा, चोवीस तास, मराठीतही.
- चाइल्ड हेल्पलाइन, १०९८ : संकटातील मुलांसाठी. मूल स्वतःही फोन करू शकते.
- ११२ : तातडीच्या पोलीस मदतीसाठी.
- शाळेतील शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय. कासारसाई परिसरासाठी ते औंधला आहे.

१०९८ हा आकडा मुलांकडून पाठ करून घ्या, मोबाइल नंबर पाठ करून घेतो तसा. आणि आज रात्री झोपताना एकच प्रश्न विचारा : ‘मोबाइलवर कधी असं काही दिसलं का, ज्याची तुला भीती वाटली?’ उत्तर आले तर ऐका. आले नाही तर काही दिवसांनी पुन्हा विचारा.